उघड्या छातीचा पोशाख: दामू धोत्रे यांच्या डिजिटल दालनाची मांडणी

पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली सर्कशीत हिंस्र प्राण्यांच्या पिंजऱ्यात उभे राहिले. फ्रान्सचे नावाजलेले प्राणीशिक्षक आल्फ्रेड कूर यांच्या चमूतून ते तिथे पोचले होते. मराठी वाचकांना ही गोष्ट नवी नाही. धोत्रे यांच्या आठवणी मराठीत पुस्तकरूपाने आहेत, आणि पुण्यामुंबईच्या जुन्या घरांत सर्कशीचा विषय निघाला की पहिली मोठी सर्कस काढणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांच्या पाठोपाठ त्यांचं नाव येतंच.

सर्कशीतला पोशाख आणि त्या त्या काळची फॅशन या विषयावर मोबाइलवर पाहता येईल असं एक मराठी डिजिटल प्रदर्शन आमच्या छोट्या गटाने करायला घेतलं. त्यातलं एक दालन धोत्रे यांचं. बाकीची दालनं तुलनेनं सोपी होती. १८५९ साली पॅरिसच्या सर्क नापोलियाँमध्ये उडत्या झुल्याचा खेळ पहिल्यांदा करणारा झ्यूल लेओतार आणि त्याचा अंगाला चिकटून बसणारा विणलेला पोशाख, ज्याला पुढे त्याचंच नाव मिळालं, त्यावर सांगण्यासारखं भरपूर आहे आणि दाखवण्यासारखंही. धोत्रे यांच्या दालनात मात्र वेगळाच पेच होता. त्यांची जी छायाचित्रं सहज पाहायला मिळतात त्यांत ते बहुतेक वेळा उघड्या छातीने आहेत. डोक्याला फेटा, अंगाशी सलगी करणारे बिबटे. पोशाखाच्या प्रदर्शनात मांडायला कापड जेमतेम, आणि जे आहे तेही वस्तू म्हणून आमच्या हातात नाही, फक्त चित्रात.

गटात लगेच दोन तट पडले. काहींचं म्हणणं होतं, हे दालन गाळा. त्याच सर्कशीतले टिकल्यांनी मढवलेले पोशाख घ्या, लोक पाहतील. इतरांना धोत्रे हवेच होते, पण वीर म्हणून: पुण्याचा पोरगा अमेरिकेत गाजला, एवढं लिहिलं की दालन पूर्ण. मला दोन्ही नको होतं. त्या फोटोत छाती उघडी असणं हाच पोशाख आहे, तो कुणीतरी विचार करून ठरवलेला आहे, आणि ज्याच्या डोळ्यांसाठी ठरवला तो प्रेक्षक पुण्यातला नव्हता. पोशाखाचं प्रदर्शन हे सांगू शकत नसेल तर ते नुसतं कपड्यांचं दुकान ठरेल. दालनाची सगळी मांडणी या एका मुद्द्याभोवती झाली, आणि ती कशी झाली हे इथे लिहितो आहे, कारण मराठीत कुणीही नाटकाचे, तमाशाचे किंवा सर्कशीचे पोशाख पडद्यावर मांडायला गेलं तर त्यांच्यापुढे जवळपास हेच प्रश्न येणार.

त्या तंबूत तेव्हा काय चाललं होतं

१९३० च्या दशकाच्या शेवटी रिंगलिंगची सूत्रं जॉन रिंगलिंग नॉर्थ यांच्याकडे आली आणि सर्कशीचं रूप ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यू यॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, वळणाने जाऊ लागलं. १९४१ साठी त्यांनी नॉर्मन बेल गेडिस यांना आणलं. मोटारी, रंगमंच, जागतिक मेळ्यातली दालनं अशा सगळ्याला हात लावणारा हा रचनाकार. तंबू गडद निळा झाला, तंबूत निघणाऱ्या मिरवणुकीचे पोशाख एकाच डोक्यातून निघू लागले. ९ एप्रिल १९४२ ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पन्नास हत्ती आणि पन्नास नर्तकींचा बॅले झाला. संगीत स्ट्राविन्स्की यांचं, नृत्यरचना बालांशिन यांची, पोशाख बेल गेडिस यांचे. हत्तींना बॅलेचे फुगीर गुलाबी घागरे घातले होते. पॅरिसच्या फोली बेर्जेर या नाचगाण्याच्या रंगमंचासाठी पोशाख करणारे मॅक्स वेल्डी रिंगलिंगसाठी काम करू लागले आणि पुढे फ्लोरिडातल्या सरासोटा गावीच राहिले. १९४० च्या दशकातच माइल्स व्हाइट यांच्यासारखा ब्रॉडवेचा वेशभूषाकार रिंगलिंगच्या मिरवणुका सजवू लागला. थोडक्यात, धोत्रे ज्या सर्कशीत गेले ती त्या वेळी जगातल्या सर्वांत महागड्या वेशभूषेच्या प्रयोगांपैकी एक होती.

आणि अशा ठिकाणी पुण्याचा माणूस कापडाशिवाय उभा. हा योगायोग नाही.

इथे सर्कशीच्या कारभारातली एक गोष्ट समजून घ्यावी लागते. मिरवणुकीचे पोशाख सर्कशीच्या मालकीचे असत. ते वॉर्डरोबच्या तंबूत पेट्यांमधून यायचे, खेळ संपला की परत जायचे, पुढच्या वर्षी उसवून दुसऱ्याच्या मापाचे व्हायचे. स्वतःच्या खेळाचा पोशाख मात्र साधारणपणे कलाकाराने किंवा त्या खेळाच्या मालकाने आणायचा. म्हणून एकाच माणसाचे त्या सर्कशीत दोन वेश असू शकतात: मिरवणुकीतला आणि खेळातला. आमच्या नोंदींमध्ये 'कुणी शिवला' या रकान्याच्या शेजारी 'कुणाच्या मालकीचा' आणि 'कोणत्या वेळी घातला' असे दोन रकाने वाढवले ते यामुळे. वेशभूषेच्या नोंदीसाठी आयकॉम या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पोशाख समितीने केलेली शब्दावली संग्रहालयांत वापरली जाते. तिचा आधार घेतला, पण ती मुख्यतः रोजच्या आणि समारंभाच्या कपड्यांसाठी आहे. घाम, राळ, नखांचे ओरखडे आणि रोजचे दोन खेळ सोसणाऱ्या कपड्याला आणखी रकाने लागतात.

पिंजऱ्यातल्या माणसाने काय घालायचं

दालनाचा मधला आणि सर्वांत मोठा भाग हा आहे. धोत्रे यांचा फोटो एकटा ठेवला तर प्रेक्षक म्हणणार, 'हां, भारतीय वेश.' त्याच्या शेजारी पिंजऱ्यात शिरणाऱ्या इतरांना उभं केलं की तो वेश बोलायला लागतो.

सुरुवात आयझॅक व्हॅन अँबर्गपासून. हा अमेरिकन १८३० च्या दशकात सिंहांच्या पिंजऱ्यात जायचा तो रोमन योद्ध्याच्या वेशात. राणी व्हिक्टोरियाने त्याचे खेळ पाहिले, आणि एडविन लँडसीर यांनी १८३९ मध्ये काढलेलं त्याचं चित्र आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. चित्रात तो प्राण्यांमध्ये आडवा रेलून बसला आहे, कुशीत कोकरू. रोमन आखाड्यात माणसं सिंहांपुढे टाकत. इथे रोमन वेशातला माणूसच सिंहांचा धनी झाला आहे. वेशाने आधीच गोष्ट सांगून टाकली, खेळ नंतर.

त्यानंतर शंभर वर्षांनी क्लाइड बीटी. पांढरे किंवा खाकी शिकारी कपडे, डोक्यावर सोला हॅट, एका हातात खुर्ची, दुसऱ्यात चाबूक. आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात शिकारीला निघालेल्या गोऱ्या साहेबाचाच हा वेश, सर्कशीच्या प्रकाशात आणलेला. बीटीचा खेळ धडाकेबाज: आरडाओरडा, पिस्तुलाचे बार, प्राणी अंगावर येणार असं वाटायला लावणं. त्या खेळाला हा वेश शोभतो, कारण त्या वेशातल्या माणसाकडून लोकांची अपेक्षाच झटापटीची असते.

मेबल स्टार्क ही वाघांबरोबर काम करणारी बाई. तिचा वेश पांढऱ्या चामड्याचा, गळ्यापासून पायापर्यंत. चामडं निवडायला कारण आहे. नखं लागली तर कापड फाटतं, चामडं थोडा वेळ देतं. स्टार्कला आयुष्यभरात कितीतरी वेळा वाघांनी फाडलं, तरी ती परत पिंजऱ्यात गेली.

आता धोत्रे. रोमन चिलखत नाही, साहेबी टोपी नाही, चामडं नाही. वाघनखांपुढे नुसती कातडी.

ही रांग आम्ही पडद्यावर आडवी लावली आहे, बोटाने सरकवत जायची. प्रत्येक चित्राखाली एकच प्रश्न: अंगाचं संरक्षण कशाने? व्हॅन अँबर्ग, बीटी, स्टार्क पाहून प्रेक्षक धोत्रे यांच्यापर्यंत येतो तेव्हा त्याला उघडी छाती 'पारंपरिक' वाटेनाशी होते. ती धोक्याची खूण म्हणून दिसते. आल्फ्रेड कूर यांची पद्धत नरमाईची, प्राण्याला चिडवून डरकाळ्या काढायला लावण्याऐवजी त्याला शांतपणे जागेवर आणण्याची. त्या पद्धतीची जाहिरात करायला उघड्या अंगाइतकं बोलकं दुसरं काय असणार? 'या माणसाला खुर्ची लागत नाही' हे न बोलता सांगितलं जातं. माझ्या मते त्या वेशामागचं सर्वांत मोठं कारागिरीचं कारण हेच आहे, आणि त्याचं श्रेय धोत्रे यांच्या अंगात मुरलेल्या कामाला जातं.

रांगेच्या शेवटी गुंटर गेबेल-विल्यम्स आहेत, १९६९ पासून रिंगलिंगचे तारे. पांढरट सोनेरी केस, टिकल्यांनी चमकणारं आखूड बंडीवजा जाकीट, पुढून उघडं. छाती इथेही उघडी आहे, पण ती रॉक गायकाची. तेच उघडेपण तीस वर्षांत फॅशन बदलल्यावर वेगळं काहीतरी सांगतं. पोशाखाच्या इतिहासात अशी जोडी हाती लागली की ती शेजारी शेजारी ठेवावी, फार लिहू नये.

हिंदुस्थान कुणाच्या मनातला

दुसरं कारण प्रेक्षकांच्या मनात होतं. अमेरिकी सर्कशीला हिंदुस्थान जुना परिचयाचा. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या बातम्या ताज्या असतानाच १९०४ मध्ये बार्नम अँड बेलीने आपल्या तंबूत दरबाराचाच देखावा उभा केला होता: अंबाऱ्या, राजे, भालदार. १९३८ मध्ये रिंगलिंगची सुरुवातीची मिरवणूक 'नेपाळ' नावाची होती, पोशाख ब्रॉडवे आणि हॉलिवूडसाठी काम करणाऱ्या चार्ल्स लमेअर यांचे. आणि म्हैसूरचा माहुताचा पोर साबू १९३७ पासून पडद्यावर गाजत होता, तोही उघड्या अंगाने आणि फेट्याने. १९४० मध्ये तिकीट काढून आत बसलेल्या अमेरिकन माणसाला धोत्रे यांना पाहताक्षणी 'हिंदू' म्हणावंसं वाटलं असेल. त्या काळी अमेरिकेत धर्म कोणताही असो, इथून गेलेल्या माणसाला सरसकट हेच म्हणत.

हा भाग मांडताना पाटीच्या मजकुरावरून गटात खरी वादावादी झाली. पहिला प्रस्ताव असा होता: 'पारंपरिक भारतीय वेशातील दामू धोत्रे.' 'पारंपरिक' खोडलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुण्यात चारचौघांत जाताना माणूस धोतर, सदरा, कोट आणि डोक्याला पगडी किंवा टोपी घालत होता. उघडी छाती आणि वर दिमाखदार फेटा ही जोडी पुण्याच्या कोणत्या परंपरेतली? तालमीत अंग उघडं असतं, पण तिथे फेटा नसतो. फेटा सभेला बांधतात, तिथे छाती झाकलेली असते. दोन वेगवेगळ्या प्रसंगांतून उचललेल्या गोष्टी एकत्र आल्या की त्या दुरून 'भारतीय' दिसतात. जवळून पाहणाऱ्याला शिवण दिसते.

दुसऱ्या प्रस्तावात सगळा भर उलट बाजूला गेला. त्यात साम्राज्यवाद होता, गोऱ्यांची नजर होती, आणि धोत्रे कुठे नव्हतेच. मला तो पहिल्यापेक्षा जास्त खटकला. आयुष्यभर बिबट्यांना वाचायला शिकलेल्या माणसाला आपण दुसऱ्यांच्या नजरेचं बाहुलं करून टाकायचं, तेही त्याच्याच गावच्या भाषेत?

शेवटी पाटी अशी ठरली:

'दामू धोत्रे, पुणे. रिंगलिंग सर्कस, १९४० चं दशक. उघडं अंग आणि फेटा हा वेश अमेरिकी प्रेक्षकांच्या मनातल्या हिंदुस्थानाशी जुळतो. याच वेशात, खुर्ची आणि चिलखताशिवाय, धोत्रे हिंस्र प्राण्यांमध्ये उभे राहत.'

नाव आधी, गाव त्यानंतर, वेश मागून. हा क्रम सगळ्या प्रदर्शनाला लावला. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी चित्राचं जे वर्णन लिहावं लागतं त्यालाही हाच नियम. दृष्टिहीन प्रेक्षकाला 'फेटा घातलेला उघड्या अंगाचा माणूस' असं ऐकू येण्याआधी 'दामू धोत्रे' ऐकू आलं पाहिजे. हे वर्णन लिहिण्याचं काम लोक शेवटी उरकून टाकतात. माझा सल्ला उलट आहे: ते सर्वांत आधी लिहावं. काय दिसतं आहे आणि काय आपण गृहीत धरतो आहोत, हे दोन ओळींत वेगळं करता आलं नाही तर चित्र अजून नीट पाहिलेलं नसतं.

फेट्याचंच पाहा. छायाचित्र पूर्ण मोठं करता येईल अशी सोय ठेवली आहे. आज जगभरची संग्रहालयं त्यासाठी आयआयआयएफ नावाची सामायिक पद्धत वापरतात. तीत मोठं चित्र तुकड्यातुकड्याने उतरतं, त्यामुळे साध्या फोनवर आणि कमी डेटातही झूम करता येतं. प्रेक्षकाला सांगितलं आहे की फेट्याच्या घड्या पाहा. हाताने बांधलेल्या फेट्याची प्रत्येक घडी जराशी वेगळी असते, पीळ असमान असतो, शेवट कुठेतरी खोचलेला असतो. टोपीवर शिवून तयार केलेल्या नाटकी फेट्याच्या घड्या सारख्या अंतरावर बसतात आणि डोकं हललं तरी हलत नाहीत. महाराष्ट्रात लग्नसराईत दोन्ही प्रकार सर्रास दिसतात, त्यामुळे मराठी प्रेक्षक हा फरक ओळखण्यात कुठल्याही संग्रहालयाच्या अभ्यासकाला हार जाणार नाही. प्रदर्शन आपल्या लोकांसाठी करण्याचा हा खरा फायदा आहे.

रंग

छायाचित्रं कृष्णधवल आणि आजूबाजूची सर्कस रंगांनी ओसंडणारी, त्यामुळे रंग भरण्याचा मोह अनावर होता. आता एआयची साधनं काही सेकंदांत जुना फोटो रंगीत करून देतात. आम्ही ते केलं नाही. अशी साधनं छटा पाहून अंदाज करतात. फेटा लाल होता, केशरी होता की हिरवा, हे करड्या रंगातून कळत नाही. साधन त्याला बहुधा लाल किंवा केशरी करेल, कारण त्याने पाहिलेल्या हजारो चित्रांत 'भारतीय फेटा' तसाच आहे. म्हणजे १९४० मध्ये तंबूत जे झालं तेच पुन्हा, या वेळी यंत्राकडून.

पण रंगाशिवाय हे युग समजत नाही हेही खरं. सुदैवाने त्याच काळातली खरी रंगीत छायाचित्रं आहेत. विस्कॉन्सिनचे वकील स्वेर ब्रॅथेन हे सर्कशीचे वेडे. ते वर्षानुवर्षं तंबूंच्या मागच्या अंगणात कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर फोटो काढत राहिले. त्यांचा संग्रह इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीच्या मिल्नर ग्रंथालयात आहे आणि डिजिटल स्वरूपात पाहता येतो. कोडाक्रोमचे रंग अंधारात जपून ठेवले तर फार टिकतात, म्हणून त्या स्लाइड्स आजही ताज्या वाटतात: दोरीवर वाळत घातलेले पोशाख, रंगवलेल्या ओठांनी कॉफी पिणारी मुलगी, दिवसाच्या उजेडात जरा भडक दिसणारी सॅटिनची झूल. आम्ही दालनात लिहून दिलं आहे की त्या काळचा रंग अनुभवायचा तर तिथे जा. दुसऱ्या संग्रहाकडे प्रेक्षक पाठवला की आपला प्रेक्षक जातो अशी भीती काही जणांना वाटते. मला वाटत नाही.

चमक आणि पाठ

शेजारच्या दालनात टिकल्यांचे पोशाख आहेत. त्यांचा इथे थोडा उल्लेख करतो, कारण तंत्राची खरी अडचण तिथली आहे आणि धोत्रे यांच्या दालनावरही तिचा परिणाम झाला.

सर्कशीचा पोशाख समोरून पाहायला केलेलाच नसतो. फिलिप अ‍ॅस्टले या माजी घोडदळ सैनिकाने १७६८ मध्ये लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ गोल रिंगणात सुरू केले, आणि पुढे ४२ फूट व्यासाचं रिंगण रूढ झालं. गोल रिंगणाला पुढची बाजू नसते. प्रेक्षक चहूबाजूंनी, त्यामुळे पाठीवरही तितकंच काम. संग्रहालयातले फोटो मात्र पुतळ्याला समोरून उभा करून काढलेले. निम्मा पोशाख दिसतच नाही.

त्यातून टिकली ही वस्तू कॅमेऱ्याला सरळ उत्तर देत नाही. एका कोनातून ती काळी दिसते, दुसऱ्यातून पांढरा ठिपका. आजूबाजूने फोटो काढून वस्तूचा त्रिमित आकार तयार करण्याची जी पद्धत आहे ती मातीच्या भांड्यावर उत्तम चालते. चकाकत्या पृष्ठभागावर ती गोंधळते, कारण प्रत्येक फोटोत चमक जागा बदलते. त्यापेक्षा कॅमेरा आणि कपडा स्थिर ठेवून फक्त दिवा निरनिराळ्या कोनांतून फिरवायचा आणि प्रत्येक कोनाचा फोटो घ्यायचा, ही रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंगची पद्धत इथे कामी येते. मग प्रेक्षक पडद्यावर बोट फिरवतो आणि उजेड कपड्यावरून सरकतो. खेळात तो पोशाख असाच दिसायचा, हलत्या दिव्यांखाली. तेवढी सोय नसेल तर खिडकीजवळ कपडा हळूहळू फिरवत काढलेला साधा व्हिडिओही स्थिर फोटोपेक्षा पुष्कळ बरा.

टिकल्या कशाच्या आहेत हेही नोंदवायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ टिकल्या जिलेटिनच्या होत्या. त्या ओलाव्याने आणि उष्णतेने विरघळतात, एकमेकींना चिकटतात. रोज घामाने भिजणाऱ्या माणसाच्या अंगावर अशा टिकल्या! काखेखालच्या आणि कमरेच्या टिकल्या आधी जातात, म्हणून तिथे नव्या लावलेल्या दिसतात, किंचित वेगळ्या छटेच्या. ती जागा झूम करून दाखवायची असा आमचा आग्रह आहे. पोशाख आतून उलटा करून शिवणीतली रफू, कमरेला सोडलेली जादा माया, आतल्या पट्टीवर खोडून लिहिलेलं दुसरं नाव दाखवावं. सौंदर्य बाहेर आहे, पण कपडा कामाचा होता हे आतून कळतं.

धोत्रे यांच्या दालनात उलट बाजू दाखवायला कपडाच नाही. म्हणून जागा भरायला दुसऱ्या कुणाचा 'साधारण तसाच' फेटा आणून फिरवून दाखवायची सूचना आली होती. ती मानली नाही. पडद्यावरची वस्तू खरी की नमुना हे प्रेक्षक पाटी वाचून ठरवत नाही, तो डोळ्याने ठरवतो, आणि फिरणारा फेटा त्याच्या डोक्यात धोत्रे यांचाच म्हणून बसला असता.

पिंजऱ्याबद्दल

हा फोटो पाहणाऱ्या आजच्या मुलाने सर्कशीत वाघ पाहिलेला नाही. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांना बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याला हे चित्र एकतर जादूसारखं दिसेल किंवा छळासारखं. दालनात बंदीची माहिती थेट दिली आहे, चित्राला चिकटून, वेगळ्या पानावर नाही. कूर आणि धोत्रे यांची पद्धत नरमाईची होती हे लिहिताना प्राणी पिंजऱ्यात होता हेही लिहिलं पाहिजे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

लहान मुलांच्या चित्रांचंही तसंच. धोत्रे स्वतः लहानपणीच मामांच्या, तुकाराम गणपत शेलार यांच्या, सर्कशीत गेले. त्या काळी सर्कशीत मुलं असणं सरसकट होतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना सर्कशीत ठेवण्यावर बंदी घालेपर्यंत ते चालूच होतं. घट्ट पोशाखातल्या मुलामुलींचे कसरतीचे फोटो इंटरनेटवर टाकले की ते कुठे कुठे पोचतात हे आपल्या हातात राहत नाही. असे फोटो झूम न होणारे, लहान आकाराचे ठेवले आहेत. काही तर घेतलेच नाहीत. प्रौढ स्त्री कलाकारांच्या बाबतीत कापलेले, फक्त अंगाचे तुकडे दाखवणारे फोटो वापरायचे नाहीत असा नियम केला. प्राणीशिक्षिका मे कोव्हार यांनाही कूर यांच्या खेळांत धोत्रे यांच्याइतकाच धोका होता. ६ जुलै १९४४ ला हार्टफर्डमध्ये रिंगलिंगच्या तंबूला आग लागली, त्या दिवशीही त्या आपल्या प्राण्यांबरोबर खेळात होत्या. कापड जलरोधक करायला त्यावर पॅराफिन आणि पेट्रोल यांचं मिश्रण फासलेलं होतं. १६० हून अधिक माणसं गेली. अशा बाईचा फोटो 'पाय किती सुंदर' म्हणून फिरू लागला तर ते प्रदर्शनाचं अपयश.

सगळ्या चित्रांच्या फाइलमध्येच पाटीचा मजकूर भरून ठेवला आहे. चित्र उतरवून घेतलं आणि कुठे पाठवलं तरी नाव, गाव, साल त्याच्याबरोबर जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलं की ही माहिती बहुधा गळते, म्हणून चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत नावही छापलं आहे. ते दिसायला फार सुबक नाही. राहू दे.

पुण्याची भिंत

दालनाचा शेवटचा पडदा पुण्याचा आहे आणि तो अर्धा रिकामा आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. म्हैसाळ, तासगाव या सांगलीकडच्या गावांतून पुढे देवलांची, परशुराम माळ्यांची अशा सर्कशी निघाल्या, पुण्यात शेलारांची. छत्र्यांच्या सर्कशीतूनच केरळच्या तलश्शेरीकडे ही विद्या पोचायला चालना मिळाली. एवढी मोठी परंपरा, आणि तिच्यातले पोशाख म्हणाल तर हाती लागतात ती हँडबिलं, गट करून काढलेली छायाचित्रं आणि लोकांच्या आठवणी. रिंगलिंगच्या पोशाखांसाठी सरासोटात संग्रहालय आहे, बेल गेडिस यांची रेखाटनं टेक्सासच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहेत. आपल्याकडे सर्कशीचा कपडा झिजेपर्यंत वापरला गेला, मग त्याची पोतेरी झाली.

म्हणून या पडद्यावर धोत्रे यांच्या अमेरिकी फोटोच्या बरोबर समोर त्याच आकाराची एक चौकट ठेवली आहे आणि तिथे प्रश्न लिहिले आहेत. तंबूबरोबर शिंपी असायचा का? टिकल्या कुठल्या बाजारातून यायच्या? बायकांच्या घट्ट पोशाखाबद्दल घरी काय बोललं जायचं? खेळानंतर कपडे कोण धुवायचं? सर्कशीत काम केलेल्या माणसांची मुलं-नातवंडं आजही सांगली, पुणे, मुंबईत आहेत, आणि आज फिरणाऱ्या सर्कशीतल्या कलाकारांकडे तर ताजी माहिती आहे. पुण्याच्या रॅम्बो सर्कशीने २०२० च्या टाळेबंदीत आपला खेळ कॅमेऱ्यासमोर करून ऑनलाइन दाखवला होता. तंबू बंद असतानाही पोशाख घालून उभं राहायची तयारी असलेली ही माणसं आहेत, त्यांना विचारायला फक्त कुणीतरी जायला हवं.

पाठवलेल्या फोटोंसाठी नियम साधे ठेवले आहेत. मूळ फोटो घरातच राहील, आम्हाला फक्त चित्र हवं. फोटोतल्या माणसाचं नाव लिहायचं की नाही हे घरचे ठरवतील. कधीही काढून टाकायला सांगितलं तर कारण न विचारता काढलं जाईल. कपडा सापडला तर धुऊ नका, इस्त्री करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, जुन्या स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळा आणि आधी आम्हाला फोन करा.